पेडलला केलेला नमस्कार

माझं टेलरिंगचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी माझ्या पायाबद्दल बरंच बोलणार आहे, आणि गिटार वाजवणाऱ्याने बोटं सोडून पायाबद्दल बोलावं हे लोकांना विचित्र वाटतं. पण पायाने मशीन चालवण्यात ज्याची उमर गेली त्याचा पाय शहाणा होतो. कॉलरच्या टोकाला आल्यावर एकेक टाका कसा मोजून टाकायचा, गाठीशी आल्यावर किती दबकायचं, हे डोक्याला विचारत बसायला वेळ नसतो. माझा उजवा पाय माझ्यापेक्षा हुशार आहे असं माझी बायको म्हणते, आणि ती हे कौतुकाने म्हणत नाही.

दुकान वडिलांनी टाकलेलं, कोल्हापुरात मंगळवार पेठेत. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. सकाळी शटर वर केलं की अण्णा आधी मशीनपुढे वाकायचे. पायाने हलवायची जी लोखंडी जाळी असते तिला हात लावायचे, तो कपाळाला न्यायचे, पुन्हा जाळीला, पुन्हा कपाळाला. असं दोनदा. संध्याकाळी मशीनवर झाकण घालण्याआधी परत तेच. दोनदा कशाला, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं.

"दिवसभर लाथा खातीया बिचारी," अण्णा म्हणाले, "एका नमस्कारात भागंल व्हय?"

त्यांचा दुसरा हट्ट लेबलाचा. आमच्या दुकानाचं पिवळं लेबल प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून शिवलेलं असायचं, आणि ते तिरकं लागलं तर अण्णा उसवून पुन्हा लावायचे. एकदा हुपरीचं एक गिऱ्हाईक मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या दुकानाचं लेबल घेऊन आलं. शर्टाला हे लावा, सासरी दाखवायचं आहे, म्हणालं. अण्णांनी कापडाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली. "शिवणार आमी आन् नाव त्येंचं? न्हाय जमायचं पावणं." चांगलं नेहमीचं गिऱ्हाईक होतं, गेलं. आई आठवडाभर कुरकुरत होती.

गिटार मी रीतसर कुणाकडे शिकलो नाही. नव्वदच्या आसपास आमच्या पेठेत एका ऑर्केस्ट्राच्या तालमी चालायच्या, तिथे जाऊन बसायचो. तिथल्या गिटारवाल्याला परगावी नोकरी लागली आणि जाताना त्याने गिटार माझ्या गळ्यात घातली, त्याबरोबर पायाने दाबायचे दोन डबेही दिले. एक आवाज फाटका करायचा. दुसरा पायाखाली पुढेमागे हलवला की गिटार वाव-वाव करायची. मी एका फळीवर सुटाच्या कापडाचा उरलेला तुकडा चढवला आणि दोन्ही डबे तिच्यावर बसवले. चपला काढून, अनवाणी पायाने वाजवायचो. सुरुवातीला वाकून डब्याला दोनदा हात लावायचा, गाणं संपलं की परत दोनदा. वाद्याला पाय लावायचा म्हणजे मनाला टोचायचंच, आणि अण्णांचं बघत मोठा झालेलो. पेठ वडगावच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे मामा स्टेजपाशी येऊन म्हणाले होते, "गिटारवालं पावणं, ते वाव-वाव करा की परत." सहा वेळा करायला लावलं.

ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर माझा मित्र असायचा. त्याला इथे मित्रच म्हणतो, कारण तेव्हा तो होता. दहा-बारा वर्षं आम्ही एकाच टेम्पोच्या हौद्यात बसून गावोगाव हिंडलो. त्याच्या लग्नाचा सूट मी शिवला. तो माझ्या घरी येऊन आईकडे परस्पर भाकरी मागायचा आणि मी घरात आहे की नाही याची चौकशी जेवून झाल्यावर करायचा.

पुढे वरातीत डीजे आले, ऑर्केस्ट्रे बसले. मित्र हुशार. त्याने कॉम्प्युटर घेतला आणि स्वतःच्या घराच्या माडीवर रेकॉर्डिंगची खोली केली. खाली त्याच्या चुलत्यांची पिठाची गिरणी होती. गिरणी एक ते चार बंद असायची, त्यामुळे आमचं रेकॉर्डिंगही एक ते चार. त्यातही लोडशेडिंगचा वार आला तर सगळं बोंबललं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या लावायच्या होत्या, त्यांच्या खोळी मी शिवल्या. तरी पिठाची धूळ आत यायचीच. कॉम्प्युटरच्या बटणांवर रोज एक पांढरा थर बसायचा आणि मित्र तो माझ्याच कापडाच्या चिंधीने पुसायचा.

एके दिवशी त्याने दुकानात फोन केला, ये म्हणाला, तुझ्या पायासाठी काहीतरी आणलंय. मुंबईहून कुणाचं तरी वापरलेलं आणलं होतं. हातभर लांबीची लोखंडी पट्टी, तिच्यावर बटणांची रांग, आणि उजव्या टोकाला पुढेमागे हलणारं पेडल. त्यातून आवाज निघत नव्हता. माझे जुने डबे गिटारचा आवाज आत घ्यायचे आणि बदलून बाहेर सोडायचे, ह्या पट्टीचा मात्र गिटारशी संबंधच नव्हता. गिटारची वायर वेगळी, पट्टीची वायर वेगळी, दोन्ही कॉम्प्युटरला. गिटार आत जायची ती कोरडी, पत्र्यावर तार ओढावी तशी. फाटका आवाज, घुमणारा आवाज, वाव-वाव, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं, आणि पट्टी फक्त त्याला कळवायची की आता ह्याने पाय इतका दाबला, आता इतका उचलला.

पहिले दोन दिवस नुसता गोंधळ झाला. कुठलं बटण कुणाला चालवणार हे सॉफ्टवेअरला शिकवावं लागायचं. आम्ही फाटक्या आवाजाचं बटण लावायला गेलो आणि ते दाबलं की रेकॉर्डिंगच बंद पडायचं. त्यात कॉम्प्युटर जरा मंद. पाय आज दाबला की आवाज उद्या बदलणार, असं मित्र गमतीने म्हणायचा. फरक डोळ्याची पापणी लवण्याइतका, पण तेवढ्यात सम हुकते. मित्राने स्वतः करून पाहिलं, त्याचा पाय धाडकन पडायचा. शेवटी मी पायाला घाई शिकवली. बोटं जिथे असतील त्याच्या किंचित पुढे पाय ठेवायचा. हे मला जमलं, कारण मशीनवर कापड वळवताना पाय हाताच्या आधीच सावध व्हावा लागतो. हे मित्रालाही मान्य होतं. "ह्यो पाय शिवणाचा हाय भावा," तो म्हणाला, "ह्ये कुणाला शिकवून येणार न्हाय." ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं आणि आठवलं की संताप होतो.

मग त्याने पडद्यावर दाखवलं. वर गिटारची जाड रेघ आणि खाली, वेगळ्या पट्ट्यात, एक बारीक चढउताराची रेघ. "ह्यो तुझा पाय," तो म्हणाला. मी बघतच राहिलो. ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं वाजवलं, पाय वाऱ्यावर गेला. इथे माझा पाय काढलेला होता, कापडावर खडूने आखावा तसा. त्या रेघेच्या अगदी शेवटी, गाणं संपून शेवटचा सूर विरत असताना, दोन लहान टेकाडं होती.

"आन् ह्या शेवटी दोन उचक्या कसल्या?" मित्राने विचारलं.

मलाही आधी कळेना. मग कळलं आणि मी ओशाळलो. पेडल जुनं, सैल झालेलं, पाय काढला की आपोआप मागे टेकायचं. शेवटचा सूर डाव्या हाताने धरून ठेवून मी उजव्या हाताने पेडलला दोनदा हात लावत होतो. हाताने ते जरासं दबायचं, परत यायचं, आणि कॉम्प्युटरने तेही इमानेइतबारे लिहून घेतलं होतं. विरत जाणारा सूर दोनदा हळूच उघडून मिटत होता. सुरुवातीचे नमस्कार गाण्याच्या आधीच असल्याने कापले जायचे, हे शेवटचे राहिले.

"नमस्कार हाय त्यो," मी म्हणालो. "काढून टाक."

मित्राने ते पुन्हा ऐकलं. "ऱ्हाऊ दे की. ग्वाड वाटतंय. काढू नगंस."

त्या वर्षी त्याच्याकडे एका गायकाच्या आठ गाण्यांच्या सीडीचं काम आलं. मी महिनाभर दुपारी दुकान बंद ठेवून जात होतो. तिसरं गाणं संथ होतं, त्यात गिटारच सगळं ओढून नेत होती, आणि पायाचं काम त्यात सगळ्यात जास्त. बाकीची गाणी ठेक्यावर तुटून संपायची, सूर विरत संपणारं हे एकटंच. कव्हरवर गिटार म्हणून माझं नाव येणार, हे मित्रानेच पहिल्या दिवशी आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. मी मागितलं नव्हतं. पण एकदा सांगितल्यावर ते डोक्यातून जाईना. घरी अण्णांना सांगितलं. ते तोवर थकले होते, मशीनवर बसत नव्हते, दुकानात खुर्चीत बसून नुसती लेबलं कापायचे. गिटारचा नाद त्यांना कधी आवडला नव्हता. त्या दिवशी मात्र म्हणाले, "नाव येतंय म्हंजे लेबल लागलं की रं. मला दाव आल्यावर." नंतर रोज संध्याकाळी विचारायचे, आलं का.

ते आलंच नाही. आठही गाणी संपली आणि मित्राचे फोन थांबले. मी गेलो की गायकाची तब्येत, नाहीतर काम थांबलंय, नाहीतर कव्हर छापायला गेलंय. मी विश्वास ठेवत होतो. ज्याच्याबरोबर एका ताटात भाकरी मोडून खाल्ली त्याच्यावर कोण संशय घेणार.

एके दिवशी अस्तराचं कापड घेऊन येताना स्टँडजवळच्या सीडीच्या गाड्यावर मला ते कव्हर दिसलं. गायकाचा फोटो, मागे आठ गाण्यांची नावं, आणि खाली गिटारपुढे मित्राच्या मेव्हण्याचं नाव. हा मेव्हणा पुण्यात असायचा, तिथे क्लास लावून गिटार शिकला होता, आणि सणासुदीला कोल्हापूरला यायचा. मी सीडी विकत घेतली. गाडेवाल्याने विचारलं, "लावून दावू का?" मी नको म्हणालो.

घरी अण्णा होते. त्यांनी पिशवीतून कव्हर काढलं, चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मीच म्हणालो, माझी गिटार काढली वाटतं, दुसऱ्याची घेतली. आणि सीडी लावली.

खरं सांगतो, पहिली दोन गाणी ऐकताना माझा राग निवत आला होता. बोटं माझी नव्हती. मेव्हण्याने सगळं नव्याने वाजवलं होतं आणि स्वच्छ वाजवलं होतं. माझ्यापेक्षा चांगली वाजवणाऱ्याची घेतली, तर ठीक आहे, तोंडावर सांगायला हवं होतं इतकंच, असं मी स्वतःला समजावत होतो. मग तिसरं गाणं लागलं. तो आवाज कसा उघडतोय, कुठे दबकतोय, कुठे किंचित आधी जाऊन थांबतोय, हे मला ऐकू यायला लागलं. आपल्या हातची शिलाई लांबून ओळखू येते, तसं. तरी मी म्हणालो, योगायोग असेल. गाणं संपलं, शेवटचा सूर विरायला लागला, आणि विरता विरता दोनदा हळूच उघडून मिटला.

माझा नमस्कार होता तो. दुसऱ्याच्या बोटांवर, दुसऱ्याच्या नावाखाली.

मी उठून आठही गाणी पहिल्यापासून लावली. माझी गिटार पुसली होती आणि खालची रेघ तशीच ठेवून तिच्यावर मेव्हण्याची गिटार अंथरली होती. सगळीकडे पाय माझाच. अण्णा विचारत होते, काय झालं रं, काय झालं. त्यांना कसं सांगायचं तेच कळेना. माझ्या तोंडाला पानं पुसली गेली होती, आणि काय चोरीला गेलं हे सांगायला माझ्याकडे शब्दसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक वाजता, गिरणी बंद झाल्याबरोबर, मी माडीवर गेलो. मित्र कॉम्प्युटरपुढे बसला होता. मला बघून हसला, खुर्ची ओढली. मी उभाच राहिलो.

"बोटं त्येची हायेत, व्हय का न्हाय?" तो म्हणाला. "मग नाव त्येचंच येणार की. बायकोचा भाऊ हाय, घरातनं लई मागं लागलेत. तू तरी समजून घे."

"आन् पाय?"

"पाय कोण लिवतंय काय कव्हरवर? ते सॉफ्टवेअर करतंय भावा. इफेक्ट हाय त्यो."

मी म्हणालो, तुझ्या मेव्हण्याला बसव की मग पट्टीवर, करू दे त्याला. तेव्हा त्यानेच सांगितलं की बसवलं होतं, चार दिवस बसवलं होतं, जमलं नाही. मला बोलवायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून जुनी रेघ ठेवली. हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, जणू उरलेल्या कापडातून पिशवी शिवली.

"आन् तिसऱ्या गाण्याच्या शेवटी?" मी विचारलं. "ते काय हाय ते तुला ठावं हाय. तुला मी सांगितलं हुतं."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याला चांगलं ठाऊक होतं. मला वाटलं, आता तरी हा मान खाली घालेल, दोन शब्द बोलेल. मी त्यावरच घरी गेलो असतो. इतक्या वर्षांच्या संगतीनंतर तेवढ्यावर भागलं असतं. त्याऐवजी त्याने माउस धरला, ते गाणं उघडलं, रेघेच्या टोकाशी गेला.

"तेवढंच खुपत असंल तर काढून टाकतो. म्होरल्या कॉपीत न्हाय यायचं."

मी थांब म्हणायच्या आत त्याने ती दोन टेकाडं पुसली. रेघ सरळ झाली. त्याने शेवट वाजवून दाखवला. सूर आला, विरला, संपला.

"बघ," तो म्हणाला. "आता तुझं काय न्हाय त्यात."

बाकीचा पाय होता तसाच होता, आठही गाण्यांत. जे मी दिलं होतं ते त्याने ठेवून घेतलं आणि जे माझं होतं तेवढंच नेमकं काढून टाकलं. मी भिंतीवरच्या गाद्यांकडे बघत होतो. खोळींची शिलाई माझी होती, तीही उसवून न्यावी असं क्षणभर वाटलं. मग जिना उतरलो. खाली गिरणीवाले चुलते पोत्यावर आडवे झाले होते, म्हणाले, आज लवकर चाललास.

पहिल्या कॉपी मात्र गावात पसरल्या होत्या आणि लोकांना तो शेवट आवडला होता. त्या गणपतीत मेव्हणा आमच्याच पेठेतल्या मंडळापुढे वाजवायला आला. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. तिसऱ्या गाण्याचा शेवटचा सूर त्याने धरला, आणि तिथे कॉम्प्युटर नव्हता म्हणून वाव-वावच्या डब्याचं पेडल पॉलिश केलेल्या बुटाने दोनदा दाबलं. टाळ्या पडल्या. त्याला कुणी सांगितलं नसणार ते काय आहे. त्याला दोष देत नाही. ज्याने सांगायचं तो त्याच्या शेजारीच कीबोर्डवर होता.

अण्णा त्यानंतर दोन वर्षं होते. आलं का, असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. एके दिवशी लेबलं कापता कापता त्यांनी एक पिवळं लेबल माझ्या गिटारच्या पट्ट्याला आतून शिवून ठेवलं, हाताने, सरळ. मला ते बऱ्याच दिवसांनी दिसलं.

आता माझ्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर आहे, स्वतःची पट्टी आहे. दुकान बंद केल्यावर घरीच वाजवतो, कुणाला ऐकवत नाही. सकाळी शटर वर केलं की मशीनच्या जाळीला दोनदा हात लावतो. तिला वायर नाही. पेडललाही अजून नमस्कार करतो, आधी दोनदा, नंतर दोनदा. फक्त त्याच्या आधी मागची वायर काढून घेतो.